बगळा छाप, मेड इन इंग्लंड

एका नेक म्हाताऱ्याला मी चोर ठरवलं होतं. ऐकीव गोष्टीवरून नव्हे हं, चांगलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, दुपारच्या लख्ख उजेडात. आणि ठरवून गप्प बसले असते तर ती मी कसली! नवऱ्याचा डबा पोचवायच्या निमित्तानं त्याच्या मालकाच्या दुकानात गेले आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, शब्द अडला तिथे हातानं हातोडी मारून दाखवत, सगळं सांगून आले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर आजतागायत मला एकदम इतकं कधी कळलेलं नाही.

तो म्हातारा म्हणजे आमचे मद्रासचे घरमालक. त्यांचं नाव मी सांगत नाही. तसंही त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. तंजावरकडच्या मराठी लोकांना तिकडे सरसकट ‘रायर’ म्हणतात, तसं सगळी गल्ली त्यांना रायर म्हणे. पश्चिम मांबळमला त्यांचं बैठं कौलारू घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको, आणि अंगणाच्या टोकाला शेवग्याखाली एक पत्र्याची शेड. शेडला कुलूप, कुलपाची किल्ली रायरांच्या जानव्याला. जानव्याला किल्ली बांधणारे पुरुष मी माहेरीही पाहिले होते. पण ह्यांच्या जानव्याला किल्लीशेजारी बोटभर लांबीचा कानशीचा तुकडा लटकत असे. संध्या करताना तो किल्लीवर आपटून किणकिण वाजे, आणि मला वाटे, देवालासुद्धा हे घासून बघणार.

जन्मभर त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या हत्यारखोलीत काढलं होतं. सकाळी कारागिरांना पाने, पकडी, छिन्न्या मोजून द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, आणि नवा माल आला की पारखून घ्यायचा. निवृत्त झाले ते पगारापुरते. पारखणं चालूच राहिलं. कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची, ती कुठे बनली म्हणून लिहिलंय ते भिंगातून वाचायचं, आणि जे लिहिलंय ते खोटं आहे असं धरून पुढे चालायचं.

आमच्या ह्यांनी एकदा हौसेनं जर्मन छत्री आणली. रायरांनी ती ओट्यावरच उघडली आणि काडीला जानव्यातली कानस लावली.

“चावली,” ते म्हणाले.

पोलाद कडक असेल तर कानस त्यावरून घसरते आणि मऊ असेल तर चावते, हे मला तेव्हा समजलं.

“मुठीवर जर्मनी लिहिलंय, रायर,” हे म्हणाले.

“जर्मनी कोठें पाहिलीन हिनें? हिनें पाहिलें असेल तर सैदापेट.”

समुद्रावर फिरायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी वाऱ्यात छत्री उलटी झाली आणि आमच्या शेजारच्या सैदापेटची निघाली.

एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी काखेतून थर्मामीटर काढलं, तर रायरांनी ते हातातून ओढून घेतलं आणि पारा कुठे आहे हे बघायच्या आधी काच कुठली आहे ते वाचलं. “ताप आहे म्हणतोय हा,” ते डॉक्टरांना म्हणाले, “पण हा म्हणणारा कोण, हें तुम्हांस ठाऊक आहे?” डॉक्टर पुन्हा त्या घरी आले नाहीत. ताप मात्र गेला. बहुतेक त्यालाही विचारलं असेल, कुठला तू.

मला तर पहिल्याच दिवशी विचारलं. ट्रंक अजून टांग्यात होती.

“कोठली तूं?”

“साताऱ्याची,” मी म्हणाले. कोणी विचारलं की मी तेच सांगत असे.

“सातारा म्हणतेत अस्केच.” अस्के म्हणजे सगळे, त्यांच्या मराठीत ते असंच होतं. “मजकडे येतो तो हरेक मराठा सातारचाच. छत्रपतीच्या भिंतीस भिंत.”

मला रागही आला आणि हसूही. त्यांच्या मराठीची मला भारी गंमत वाटे. चांगल्याला चोखट, ‘गप्प राहा’ला ‘उगीच रहा’, आणि सगळ्याला तमिळचा हेल. मी मनात म्हणे, ही मराठी डुप्लिकेट, आपली अस्सल. त्यांचंही माझ्या मराठीबद्दल हेच मत होतं, फक्त ते मनात म्हणत नसत.

“तुमची मराठी गिरणीतली,” ते म्हणत. “आमची हातमागाची.”

पोस्टमन आमची पत्रंसुद्धा पुढच्या दारी त्यांच्याच हातात देई. माझ्या आईचं पाकीट आलं की ते भिंगाखाली धरत, पुढून बघत, मागून बघत आणि मग “घे” म्हणून खिडकीतून देत. मला वाटे, तिकिटं खोटी आहेत का ते पाहतात. मी ह्यांना सांगायची, “बघा, आईच्या पत्रावरसुद्धा संशय!”

भात ते स्वतः करत. सकाळी दोन पोळ्या मी देत असे. तिकडे गव्हाची पोळी ज्याला त्याला जमत नाही, आणि मला तेवढी एकच गोष्ट जमत होती. पहिल्या दिवशी त्यांनी पोळी ताटात घेतली नाही. दोन्ही हातांवर उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरली.

“काय बघताय?” मी विचारलं.

“खिडकी.”

ती काय भानगड हे मला रविवारी कळलं. रविवारी सकाळी पुढच्या ओट्यावर, तिकडे त्याला तिण्णै म्हणतात, रायरांचा दरबार भरे. सायकलवाले, सुतार, मोटार दुरुस्त करणारे, लहानसहान दुकानदार, सगळे नवी हत्यारं घेऊन येत. हे खरं इंग्लिश आहे का? हे घेऊ का? रायर चटईवर बसत. शेजारी भिंग आणि तारेचं वेटोळं. तार वीणेची. मैलापूरला वीणा दुरुस्त करणाऱ्याकडून ते जुन्या तारा उचलून आणत. पक्कड आली की तिच्या धारेत ती पोलादी तार धरून तोडायची, मग पक्कड मिटून उजेडासमोर धरायची. धार कच्ची असेल तर तार तिच्यावर बारीकशी खाच पाडते, आणि मिटलेल्या धारेतून उजेडाचा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे खिडकी.

“खिडकी पडली,” म्हणाले की पक्कड दुकानात परत.

फी म्हणून विड्याचं एक पान. आणि प्रत्येकाला एक वाक्य फुकट: “नांव आईबाप ठेवतेत, पाणी लोहार देतो.” पोलाद तापवून विझवतात, त्याला पाणी देणं म्हणतात, हत्याराचा सगळा जीव त्यात. मला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की त्याचा अर्थ काय ह्याचा विचार करायचं राहूनच गेलं.

शेजारच्या मामींना मी एकदा विचारलं, “ह्यांना कोणी नाही का हो?”

मामींनी इकडेतिकडे पाहिलं. “मुलगा आहे. तिकडे अंबत्तूरला कारखान्यांची नवी वसाहत होतेय ना, तिथे शेड घेऊन लोखंडाचं काहीतरी करतो. तीन वर्षं झाली, बाप तोंड पाहत नाही.”

“का?”

“कोण जाणे! विचारलं तर रायर म्हणतात, पोरगा चोखट, तोंड खोटं.”

माझ्या डोक्यात तेव्हाच एक वहीचं पान उघडलं. स्वतःच्या मुलाशी पटत नाही. शेडला कुलूप. दुपारी सगळी गल्ली झोपली की शेडमधून ठक, ठक, थोडं थांबून पुन्हा ठक. मासिकांतल्या रहस्यकथा वाचून वाचून माझी नजर फार तयार झाली होती.

तशात खंडेनवमी आली. तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात आणि दिवाळीइतका तिचा थाट असतो. रिक्षापासून रंध्यापर्यंत सगळ्याला गंध लागतं. रायरांनी पाटावर आपली हत्यारं मांडली होती. म्हाताऱ्याला खूश करावं म्हणून मी आमच्या ह्यांच्या दुकानातली नवी कोरी पक्कड तेलकट कागदातून काढली, गंधफूल वाहून मधोमध ठेवली.

ह्या पकडीबद्दल सांगायला हवं. आमचे हे जॉर्जटाऊनमधल्या एका हत्यारांच्या दुकानात विक्रीवर होते, आणि त्या दुकानाची सगळी शान ह्या पकडीत होती. एका बाजूला एका पायावर उभा बगळा कोरलेला, त्याखाली इंग्रजीत ‘मेड इन इंग्लंड’. दुकानाचे मालक, त्यांना सगळे मुदलाळी म्हणत, गिऱ्हाइकापुढे बगळा छाप ठेवताना आवाज खाली आणत, देवळात आणतात तसा. आणि ह्यांची नोकरी म्हणजे दिवसभर तो बगळा विकणं.

रायरांनी पक्कड उचलली. कानस लावली, घसरली. तार तोडली, टक्‌. उजेडासमोर धरली, खिडकी नाही. मग दोन पाती जिथे जोडतात त्या रिव्हेटवर ते अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, प्रसन्न झाले. त्यांनी पक्कड नेली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली.

“का हो रायर? वाईट आहे?” ह्यांनी विचारलं.

“चोखट आहे. हिच्या तोडीची दुसरी छाप मीं दहा वर्षांत पाहिली नाहीं.”

“मग?”

“खोटें बोलते. देवापुढें खोटें बोलणारें आयुध नको.”

“अहो, खोक्यावरसुद्धा इंग्लंड लिहिलंय!”

“खोकें इंग्लंडास जाऊन आलें?”

मी संतापले. बगळा खरा की खोटा ह्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं; मी उगाळलेलं गंध वाया गेलं होतं. पण पुढच्या रविवारी रायरांनी तीच गोष्ट ओट्यावर दहा जणांना सांगितली, आणि आठवड्याच्या आत हे चेहरा पाडून घरी आले.

“मुदलाळींनी विचारलं, मांबळममध्ये कोण म्हातारा बगळ्याला खोटा म्हणतोय. म्हणाले, तू तिकडेच राहतोस ना?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मांबळम मोठं आहे म्हणालो.” ते पाटावर बसले पण जेवले नाहीत. “नोकरी जाईल गं ह्या म्हाताऱ्यापायी.”

आता मात्र प्रकरण माझ्या हातात आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ठकठक सुरू झाली तशी मी शेवग्याच्या शेंगा काढायचं सोंग केलं, बादली पालथी घातली, वर चढले आणि पत्र्याच्या खिळ्याच्या भोकाला डोळा लावला.

आणि काय दिसावं! माझ्याच बाजूला, जमिनीवर, बगळा छाप पकडींचा ढीग. पलीकडे शेगड्यात, लोखंड घट्ट धरायच्या त्या जबड्यात, एक पक्कड आवळलेली. रायरांच्या पुढ्यात पोलादी ठशांची ओळ. ज्यांच्या टोकाला एकेक उलटं अक्षर असतं आणि वरून हातोडी मारली की लोखंडावर सुलटं उमटतं, ते ठसे. रायर एक ठसा निवडत, पकडीवर धरत, ठक. दुसरा ठसा, ठक.

म्हातारा स्वतःच बगळे पाडत होता!

सगळं कसं जुळलं. खऱ्या बगळ्याला खोटं म्हणायचं, आणि आपले खोटे बगळे गुपचूप विकायचे. मुलाला हे कळलं म्हणून तो घर सोडून गेला. कुलूप का, ठकठक का, सगळ्याला उत्तर मिळालं. पुरावा जुळला की मला फार आनंद होई. माणूस जुळतोय का हे पाहायची तेव्हा सवय नव्हती. ह्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, आधी नीट बघ. बादलीवरून उतरल्यावर पुन्हा कोण चढतंय!

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेले, हे गिऱ्हाइकात होते तेवढ्यात मुदलाळींना गाठलं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. कपाळभर विभूती, तोंडात पान. मी हातोडी मारून दाखवली तेव्हा त्यांचं पान चघळायचं थांबलं. दोनच प्रश्न त्यांनी विचारले. “किती आहेत?” आणि “त्या पकडी त्यांच्याकडे देतो कोण?”

आता आठवते तेव्हा कपाळावर हात मारते. ज्याच्या मालाची नक्कल होते तो माणूस चिडतो. हे चिडले नाहीत. घाबरले. पण माझ्यातली गुप्तहेरीण तेवढ्यात बहुधा जेवायला गेली होती.

बातमी माझ्याआधी मांबळमला पोचली. त्या रविवारी ओट्यावर चारपाच जण आले आणि लवकर उठले. पुढच्या रविवारी कोणी नाही. रायरांनी चटई घातली, भिंग पुसलं, तारेचं वेटोळं शेजारी ठेवलं. समोरचा सायकलवाला हातात नवा पाना घेऊन जाताना दिसला. दर आठवड्याला येणारा माणूस. तो मान वळवून पलीकडच्या कडेनं गेला. मी दारातून बघत होते. खुशीत असायला हवं होतं.

अकराच्या सुमाराला रायरांनी मला हाक मारली. “अम्मा, आज कांहीं सण आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

“हं.”

आणि मग ते एकटेच तार तोडत बसले. टक्‌, टक्‌. बोटाच्या पेराएवढे तुकडे, एकापुढे एक चटईवर मांडत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हत्यारांवर त्यांनी शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर माणसं डोळे झाकून लोखंड विकत घेत होती. तो शब्द मी एका डब्याच्या फेरीत पुसून टाकला होता. पण तेव्हा माझी खात्री होती की मी बरोबर आहे. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली, जरा जास्तच जोरात.

दोन दिवसांनी दुपारी मुदलाळींची मोटार गल्लीत शिरली. मुदलाळी, दुकानातले दोन गडी, मागे अंग चोरून बसलेले आमचे हे, आणि तिशीचा एक सडपातळ माणूस, खाकी कपड्यांवर तेलाचे डाग. त्याला दंडाला धरूनच उतरवला. मोटार आली म्हटल्यावर गल्ली जागी झाली. मामी कुंपणापाशी आल्या, सायकलवाला हात पुसत आला. ज्यांनी रविवारी पाठ फिरवली होती ते सगळे आज वेळेवर हजर.

“रायर, शेड उघडा,” मुदलाळी म्हणाले. “तुम्ही आणि तुमचा मुलगा मिळून माझ्या पाठीमागे काय धंदा चालवलाय तो लोकांना बघू दे.”

मुलगा! मी त्या खाकी माणसाकडे पाहिलं. रायरही त्याच्याकडेच पाहत होते, मुदलाळींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी जानवं पुढे ओढलं, किल्ली सोडवली, आणि कुलूप काढलं.

आत फळ्यांवर पकडी. ओळीवर ओळी. मुदलाळींनी एक उचलली, उलटी केली. दुसरी उचलली. तिसरी. त्यांच्या तोंडचा रंग बदलला तशी मी पुढे घुसले आणि हात घालून एक उचललीच.

बगळा नव्हता. जिथे बगळा असतो तिथे कानशीनं घासून काढलेला चकचकीत सपाट ठिपका होता. इंग्लंडही नव्हतं. त्या जागी एकेक इंग्रजी अक्षर सरळ रेषेत ठोकलेलं: मद्रास.

प्रत्येकीवर तेच.

“माझा माल खराब केलात!” मुदलाळी ओरडले.

“माल माझा,” रायर म्हणाले. ते आता तमिळ बोलत होते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. “तुमच्याच दुकानातून, दुसऱ्या दुकानांतून, महिन्याला जमेल तशा विकत घेतल्या. नाव चुकलं होतं. दुरुस्त केलं.”

“ती इंग्लंडची पक्कड होती!”

“असं? हे एवढे लोक उभे आहेत, मुदलाळी. देवाचं नाव घेऊन म्हणा, इंग्लंडची आहे.”

मुदलाळींनी पान चघळायला सुरुवात केली.  मग त्या मुलावर उलटले, “तूच बापाला सांगितलंस!”

“तो काय सांगणार? तीन वर्षं बोललो नाही आम्ही.” रायरांनी एक पक्कड उचलून रिव्हेटवर अंगठा ठेवला. “हे सांगतं. शेवटचा ठोका डावीकडून उजवीकडे उतरलाय, डोकं जरा तिरकं. डावखुऱ्याचा ठोका. इंग्लंडात डावखुरे असतील. पण हा तिरका ठोका सुटावा म्हणून मी ज्याच्या हातावर पट्टी मारली, तो एकच.”

मुलगा, म्हणजे बगळ्याचा खरा कारागीर, फळ्यांपाशी गेला होता. डाव्या हातानं एकेक पक्कड उचलत होता, ठेवत होता. पहिल्या वर्षीच्या, दुसऱ्या वर्षीच्या, त्यालाच कळत असावं. मग तो मराठीत बोलला, त्यांच्या त्या मराठीत, ज्याला मी डुप्लिकेट म्हणत होते.

“अप्पा, अस्के तुम्हीच घेतले?”

“दुकानांत बगळे होऊन बसले होते. घरीं आणले.”

“अंबत्तूर लिहिलें तर हातांत कोण घेतो, अप्पा? तेव्हांही हेंच सांगत होतों.”

“मीं घेतला कीं.”

 रायर घरात गेले आणि एक छोटी डबी घेऊन आले. त्यांची बायको वीणा वाजवत असे. ती गेल्यापासून वीणा तिच्याच साडीत गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. डबीत तिनं आणून ठेवलेली, कधीच न चढवलेली नवी तार होती. मैलापूरची रद्दी तार त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. तार आणि पक्कड मुलाच्या हातात देऊन म्हणाले, “तोड.”

टक्‌.

मग ती पक्कड हातोहात फिरली. सायकलवाल्यानं उजेडासमोर धरली, गड्यांनी धरली, मामींनी चष्मा लावून धरली. शेवटी रायरांनी ती मुदलाळींपुढे केली. “बघा, खिडकी दिसते का.”

मुदलाळींनी हात पुढे केला नाही. मोटारीत बसता बसता त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मला काय विचारता? तुमच्या भाडेकरणीनं येऊन सांगितलं, म्हातारा बगळे पाडतो म्हणून.” आणि ह्यांना म्हणाले, “तू उद्यापासून येऊ नकोस.”

म्हणजे ह्यांची नोकरी रायरांनी नाही घालवली. मी घालवली, वाचवता वाचवता.

गल्ली माझ्याकडे बघत होती. मी शेवग्याकडे बघत होते. बादली अजून तिथेच पालथी होती.

पुढचं सांगायचं तर मुलाच्या पकडीवर त्यानंतर बगळा बसला नाही. ‘मद्रास’ ठोकलेली पक्कड पिशवीत घालून आमचे हे दुकानोदुकानी हिंडू लागले, खिशात वीणेच्या तारेचं वेटोळं. टी. नगरचा एक सुतार म्हणाला होता, “मद्रास? फॉरेन नाही?” ह्यांनी त्याच्या हातात तार दिली. सगळेच काही तार तोडून बघायला तयार नसत. पहिलं वर्ष आम्ही शेवग्याच्या शेंगांवर काढलं असं म्हटलं तरी चालेल, आणि बगळा छाप त्यानंतरही कुठून कुठून बाजारात येतच राहिली. त्या शेडमधली एक पक्कड आजही माझ्या ओट्याच्या खणात आहे. परवा नातवानं ती उलटी करून विचारलं, “आजी, ही कुठली कंपनी?” मी म्हटलं, आधी तार आण.

पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं राहिलं. पोळ्या झाल्या. ताटली घेऊन दोनदा मधल्या दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी रायरांनीच आतून हाक मारली. ओट्यावर मुलगा बसला होता, कॉफी पीत, जणू तीन वर्षं रोज तिथेच पीत होता. रायरांनी माझ्या हातातली ताटली घेतली, वरची पोळी उचलली, आणि नेहमीसारखी उजेडासमोर धरली.

“रायर,” मी म्हणाले, “मी तुमच्यावर चोराचा शिक्का मारला. बादलीवर चढून पाहिलं आणि एकदा तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी मी काही म्हणणार नाही.”

ते पोळीकडेच बघत होते. मग तिची घडी घातली, आणि हळू आवाजात, मुलालाही ऐकू जाणार नाही असं, मला म्हणाले:

“तुझ्या आईच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का मीं पहिल्याच महिन्यांत वाचला, अम्मा. सातारा नव्हे, कऱ्हाडापलीकडचें कुठलें खेडें. दोन वर्षें तुझी पोळी उजेडास धरतों, खिडकी नाहीं. म्हणून उगीच राहिलों.”